गडकरणीचं कुंकू

“पाटलीण बाहेर बसलीय,” जिवाजी म्हणाला आणि पायरीकडे बघत उभा राहिला.

“बरं. मग सुतारीण?”

“ती पण बाहेर, बाईसाहेब.”

“गुरवाची सून?”

जिवाजीनं मुंडाशाचं टोक उगाच आत खोचलं. केस पिकलेला शिपाईगडी, किती वेढे पाहिलेला. पण असला निरोप सांगायची वेळ त्याच्यावर कधी आली नसावी. “गुरवाची सून, तिची जाऊ, खालच्या आळीतल्या झाडून सगळ्या. सगळ्यांना कावळा शिवलाय म्हणतात. मी अंगणातूनच परत फिरलो. अशा वेळी पुढं कसं जायचं?”

माझी दासी भागू मागे तांदूळ निवडत होती. ती फस्सकन हसली आणि माझ्याकडे लक्ष जाताच तिनं पदर तोंडात कोंबला.

मी हळदकुंकवाचं तबक खाली ठेवलं. ऊन कलायला आलं होतं आणि सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

माझ्या आईनं लग्नात मला एक नेम घालून दिला होता. शिपायाच्या घरी पडणार होते मी. ज्या गावचं पाणी प्यायचं, त्या गावच्या एका सवाष्णीला रोज आपल्या हातानं कुंकू लावायचं आणि मगच अन्नाला शिवायचं. ‘तिच्या कपाळावर लावलेलं तुझ्या कपाळावर टिकतं,’ आई म्हणायची. मालक मोहिमेवर, मी छावणीमागून गावोगाव. पण बाई मिळाली नाही असं कधी झालं नव्हतं. बायका हौसेनं यायच्या, बसायच्या, माहेरची चौकशी करायच्या. जानकाईगडावर आल्यापासून मात्र माझं जेवण लोकांच्या हातात गेलं. सवाष्ण आली नाही की मी दिवेलागणीला वाटीभर दूध आणि एखादं फळ घ्यायची, बस्स.

माझे मालक हैबतराव पातशाही चाकरीत होते. त्या काळी निम्मे मराठे इकडे, निम्मे तिकडे. त्याचं कुणाला नवल नव्हतं. पावसाळ्याआधी त्यांनी तोफा लावून या गडाचा तट पाडला. आतला किल्लेदार येमाजी नाईक अभयाचा कौल घेऊन उतरला आणि चार माणसं घेऊन डोंगरात शिरून लढत राहिला. त्याची बायको तुळजाबाई, तिला कौलाप्रमाणं पायथ्याच्या वाडीत भावाच्या घरी राहू दिलं. गडाच्या चहूबाजूंच्या गावांना घेरा म्हणतात. त्या घेऱ्यातल्या बायकांनी सणावाराला गडकरणीकडे, किल्लेदाराच्या बायकोकडे, यायचं, अशी रीत. आता गडकरीण मी होते.

पहिले काही दिवस राही सुतारीण तेवढी यायची. म्हातारी, पायानं अधू, तरी चढून यायची, कुंकू लावून घ्यायची आणि जाताना उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला टेकवायची. मला वाटायचं, हा मान माझा. मग एका चकमकीत आमची माणसं जिंकली, गडावर साखर वाटली, आणि राही यायची थांबली.

घर तुळजाबाईचंच होतं. चुलीमागच्या भिंतीवर काजळी तिची. जात्याचा खुंटा तिच्या मुठीनं झिजलेला. माझी मूठ त्यावर नीट बसायचीच नाही. मागे राहिलेली तिची गाय भागूला बघून पान्हा चोरायची. मी रोज देवापुढं समई लावून म्हणायची, आई जानकाई, हे घर मला आपलं म्हणू दे. समई छान तेवायची. घर काही बोलायचं नाही.

त्या संध्याकाळी नगारा वाजला. मालक आणखी एक चकमक जिंकून आले होते. पाय धुताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“तोंड का सुकलंय?”

“आजही कुणी आलं नाही.”

“म्हणजे? मी वार लावून दिलेत ना? रोज एका घरची बाई. आज पाटलाचं घर.”

“पाटलीण बाहेर बसलीय.”

“मग दुसरी आणायची.”

“दुसरीही बाहेर. सगळा घेरा बाहेर बसलाय.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग असे हसले, असे हसले, की हातातला तांब्या सांडला. “वा रे वा! ही अक्कल पाटलाची नव्हे. ही गडकरणीची.”

“कुणाची?”

“अहो, तिची. येमाजीच्या बायकोची.”

त्यांना कळलंही नाही काय बोलले ते. गड त्यांनी घेतला, किल्ल्या माझ्या कमरेला, आणि माझ्याच नवऱ्याच्या तोंडी गडकरीण म्हणजे ती.

“तुम्ही पाहायला हवं होतं तिला,” ते अंग पुसत सांगू लागले. “तटाला खिंडार पडलं की ही बाई स्वतः टोपल्या उचलायची. निळं लुगडं, कासोटा घातलेला. आमचे गोलंदाज म्हणायचे, निळं लुगडं दिसलं की गोळा भलतीकडेच जातो. जायचा की घालवायचे, देव जाणे.”

“आणि आपण?”

“मी काय?”

“आपणही भलतीकडे घालवलात का?”

“काहीतरीच बोलता,” ते म्हणाले. ‘नाही’ म्हणाले नाहीत. माझ्या पेटीत एक निळं लुगडं होतं, माहेरचं, जरीकाठाचं. ते मी पुन्हा कधी नेसले नाही.

जेवताना त्यांनी माझ्यापुढची दुधाची वाटी पाहिली आणि त्यांचं हसू मावळलं. “उद्या चार शिपाई पाठवतो. पाटलिणीलाच उचलून आणतील.”

“बाहेरच्या बाईला शिपायांनी हात लावायचा? आणि तिला कुंकू मी लावायचं?”

“खोटं आहे ते सगळं!”

“असेल. पण बघायला कोण जाणार?”

त्यांचा घास हातातच राहिला. तट पाडायला त्यांच्याकडे तोफा होत्या. इथं त्या कामाच्या नव्हत्या. मग थट्टेनं म्हणाले, “तुमचा नेम मोडतोय, तरी मी जिंकतोच आहे की.”

“म्हणूनच भीती वाटते,” मी म्हटलं. “उद्या मी खाली जाते. मला एकदा त्या बाईला बघू द्या.”

सकाळी पूजा आटोपून मी पालखीतून उतरले. सोबत भागू, जिवाजी आणि दोन भालेकरी. वाडीत चिटपाखरू नव्हतं. दारं लोटलेली. पण तुळजाबाईच्या भावाच्या घराजवळ आलो तशी ओवी ऐकू आली आणि बायकांचं खिदळणं.

गोठ्यालगतच्या पडवीत त्या सगळ्या बसल्या होत्या. पाटलीण, गुरवाची सून, तिची जाऊ, आणि त्या वयातली राहीसुद्धा. प्रत्येकीखाली वेगळं गोणपाट, आणि मध्ये वालाच्या शेंगांचा ढीग. बाहेरच्यांची सभाच भरलेली. शेंगा सोलता सोलता कुणी कुणाची नक्कल करत होतं. इतकं मोकळं मी माझ्या माहेरीही कधी हसले नव्हते. आम्हाला पाहताच ओवी तुटली.

“बाई गं!” भागू माझ्या कानाशी पुटपुटली. “केवढा तो एकच कावळा!”

तुळजाबाई मधोमध बसली होती. मी मनात कितीदा तिचं रूप रंगवलं होतं. उंच, गोरी, करारी. ती काळीसावळी, बुटकी, पुढचा एक दात तुटलेली, चाळिशीची बाई निघाली. दिसायला काही म्हणजे काही नव्हती. तेच मला सोसेना.

“या,” ती म्हणाली. “आम्हाला शिवू नका, तेवढं सांभाळा. त्या बाजेवर बसा. भावजय पाणी देईल.”

मी बसले. पाणी घेतलं, गुळाचा खडा मात्र हातातच धरला.

“अजून उपाशी आहात?”

“नेम आहे माझा.”

“ठाऊक आहे. राही सांगायची.”

राहीनं मान वर केली नाही.

मी आयुष्यात कधी आवाज चढवला नाही; तेव्हाही चढवला नाही. “तुळजाबाई, देव तुमचा तो माझा. भाषा तीच, पदर तोच. रोज एका बाईच्या कपाळाला बोट लावायचं, एवढंच मागते. मी तुमचं असं काय घेतलं?”

पडवीत खसखस पिकली. “ऐका हो! काय घेतलं म्हणे!” पाटलीण म्हणाली.

“गप गं,” तुळजाबाई तिला म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “घराचं म्हणाल तर असू दे. लढाईत घरं जातात. जातं कसं चालतंय?”

“जड जातं.”

“खुंटा ढिला आहे त्याचा. बाभळीची पाचर मारून घ्या. आणि गाय दूध देत नसेल तर तिच्या मानेखाली खाजवत बसा जरा, लाडावलीय ती.”

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्याच घरातल्या गोष्टी ती मला दानासारख्या देत होती.

“मी हुकूम करत नाही,” मी म्हटलं. “विनवायला आलेय.”

“खरं आहे. पण तुमची विनवणी गड उतरेपर्यंत हुकूम होते, बाई. हा जिवाजी काल हात जोडून अंगणात आला. गुणी माणूस आहे. पण त्याच्या मागं ते दोघं होते, तसेच आजही आहेत.” तिनं हनुवटीनं भालेकऱ्यांकडे दाखवलं. “भाल्यापुढं कपाळ पुढं केलं तर ते कुंकू लावणं नव्हे. ते तुमच्या देवीला चालेल का? तुम्हीच सांगा. नेम तुमचा आहे.”

मी राहीकडे वळले. “राही, तुझ्यावर तर मी कधी भाला पाठवला नव्हता. तू आपणहून यायचीस.”

“यायची जी,” राही म्हणाली. हातातली शेंग तिनं सोलली, दाणे टोपलीत टाकले. “मला दया आली व्हती तुमची. नवं घर, नवी बाई, उपाशी बसलीय. मग माझा धाकटा दीर पडला खिंडीत. मला तवर कुणी सांगितलं नव्हतं. मी आपली वर आली. तुमी कुंकू लावलं आन् हातावर साखर ठेवली. ‘घे राही, आज आमचा जय झाला,’ म्हनालात. खाली उतरली तवा दारात त्याला आणून ठेवलेला.” तिनं पुढची शेंग घेतली. “साखर मुठीतच व्हती. टाकवंना पण. देवाफुडची व्हती.”

“मला ठाऊक नव्हतं, राही.”

“नव्हतंच. ठाव आसतं तर ठेवली नसती तुमी. मानसं वाईट न्हाई तुमी. पर इचारलं बी न्हाई, कुनाचं कोन पडलं म्हून.”

एका शेळीनं शेंगांत तोंड घातलं, तिला कुणी हाकललंही नाही.

मी उठले. “चौथ्या दिवशी न्हाणार ना तुम्ही?” मी तुळजाबाईला विचारलं.

“न्हाईन की.”

“मग?”

“मग हिची वेळ येईल. मग तिची.” तिच्या तुटक्या दातामागं हसू दिसलं. “घेरा मोठा आहे.”

बायका पुन्हा हसल्या. मी पालखीकडे निघाले, तोच मागून गुरवाच्या सुनेची हाक आली, “अहो गडकरणी, शेंगा आत ठेवू का?”

मी मागे वळले. हाक मला नव्हती.

वर आल्यावर मी सुताराविना, भागूच्या हातून, जात्याच्या खुंट्याला पाचर मारून घेतली. जातं पिसासारखं फिरू लागलं. मी त्या रागानं पायली पायली दळण काढलं, आणि खायला कुणी नाही म्हणून ते शिपायांना वाटलं.

दिवाळी उलटली आणि एक दिवस नगारा थांबेचना. मालक घोड्यावरून उतरले ते थेट माजघरात आले. जोडेही काढले नव्हते.

“संपलं,” ते म्हणाले. “येमाजी नाईक पडला. बरोबरचे निम्मे मारले, निम्मे पांगले. आता कुणासाठी बाहेर बसतील?”

मी हात जोडून देवाकडे पाहिलं. मालक सुखरूप होते. पण माझ्या मनात पहिलं आलं ते हे नव्हे. पहिलं आलं ते हे, की तिच्या कपाळाचं कुंकू गेलं. आता ती गडकरीण नाही. किती दिवसांनी मला हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी नवं कुंकू खललं, दारापुढं हातभर रांगोळी घातली आणि तबक घेऊन बसले.

ऊन वर आलं. कुणी आलं नाही. भागू बुरजावर वाळवण घालायला गेली होती, ती धावत आली. “बाईसाहेब, जरा या. बघा तरी.”

बुरजावरून सगळा घेरा दिसायचा. सकाळच्या वेळी दर घरातून निळा धूर वर चढायचा; पायथ्याची वाडी, ओढ्यापलीकडची गावं, पार खिंडीच्या तोंडापर्यंत. त्या दिवशी कुठल्याच घरातून धूर निघत नव्हता. गुरं दावणीला हंबरत होती, तेवढाच आवाज. इतक्या घरांत एकही चूल पेटली नव्हती.

जिवाजी खालून चढून आला. “सुतक आहे म्हणतात.”

“कुणाचं?”

“नाइकांचं.”

“पाटलालाही? सुतारालाही?”

“सगळ्या घेऱ्याला.”

“नाईक काय सगळ्यांचा बाप लागत होता?” मी इतक्या मोठ्यानं बोलले की माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

जिवाजी खाली बघत म्हणाला, “बाईसाहेब, त्या कावळ्याच्या वेळी बाया आतून हसत होत्या. या वेळी कुणी हसत नव्हतं.”

मालकही मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ ते त्या बिनधुराच्या गावांकडे बघत होते. “मी मारलेला माणूस मोठा होता तर,” ते म्हणाले. “ती कशी आहे, कुणी पाहिली का?”

त्या क्षणीसुद्धा ते तिचंच विचारत होते. उद्या माझं कपाळ पांढरं झालं तर किती चुली विझतील? एक माझी. आणि भागू रडेल. मला तिच्या गडाचा, घराचा, गाईचा हेवा वाटला होता, तो काहीच नव्हे. त्या दिवशी मला तिच्या वैधव्याचा हेवा वाटला.

सुतक फिटलं, पण गडाशी कुणी बोलेना. कुणी दगड मारला नाही, कुणी आडवं गेलं नाही. फक्त आमच्या बैलांना कुणाच्या रानात चारा उरला नाही, वाटाड्यांना वाटा आठवेनात, मोळीवाल्यांच्या कुऱ्हाडी एकदम बोथट झाल्या. सरपणाला गेलं तरी दहा भाले सोबत लागायचे. येमाजीच्या पांगलेल्या माणसांना मात्र रोज कुणीतरी जेवू घालत होतं. मालक त्यांना गाठायचे आणि जिंकायचे. मग पुन्हा जिंकायला जायचे. नगारा वाजवणाऱ्यानं आपणहून नगारा वाजवायचा सोडला, तेव्हा त्याला कुणी विचारलंही नाही. होळीच्या सुमाराला सुभेदाराचा हुकूम आला: या गडाला खर्चायला माणूस नाही, तोफा काढून छावणीत या.

आम्ही निघालो तेव्हा मी पालखीचा पडदा लावून घेतला होता. वाडीच्या टोकाला भोई अचानक थांबले. जिवाजीचा हात तलवारीवर गेलेला मला फटीतून दिसला.

“हात काढ रं,” राहीचा आवाज. “बाई, खाली उतरा.”

मी उतरले. वाटेच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या होत्या. पाटलीण, गुरवाची सून, ओढ्यापलीकडच्या कितीतरी, ज्यांची तोंडं मी कधी पाहिली नव्हती. मालक पुढं घोडा आवरून उभे होते.

“सवाष्ण बाई गावातनं तशीच जाऊ ने,” राही म्हणाली. तिनं कमरेचा चांदीचा करंडा काढला, उघडला आणि माझ्या कपाळावर कुंकू लावलं. मग आपलं कपाळ माझ्यापुढं केलं. “लावा आता.”

कुंकू तिच्या भुवईवर सांडलं.

“आज कशी गं आलीस?”

“आज तुमी पाव्हन्या. चाललेल्या पाव्हनीला कोन न्हाई म्हनंल?”

एकेक बाई पुढं आली. प्रत्येकीनं पुढं येण्याआधी डावीकडे एकदा पाहिलं. तिकडे गोठ्याच्या भिंतीशी, शुभाच्या वाटेत यायचं नाही म्हणून लांब, तुळजाबाई उभी होती. मळकं पांढरं लुगडं, कपाळ उघडं. तिनं मान हलवली की बाई पुढं यायची.

“करंडा कुणाचा?” मी राहीला विचारलं, ठाऊक असून.

“त्यांचाच. त्यांना आता काय करायचा?” मग तिनं माझ्या हातात एक पुरचुंडी दिली. “वाटेत खावा. गडकरणीनं दिलीया.”

मी भिंतीकडे पाहिलं. तिनं हात जोडले. मीही जोडले.

शीव ओलांडून ओढ्याशी घोडी पाण्यावर सोडली. मालक माझ्याजवळ येऊन दगडावर बसले. कपाळ कुंकवानं माखलं होतं माझं. ते त्याच्याकडे बघत राहिले.

“या गडावर मी एकही लढाई हरलो नाही,” ते म्हणाले.

“नाही,” मी म्हटलं.

मी पुरचुंडी सोडली. नाचणीची भाकरी आणि कुळथाचं घट्ट पिठलं. भाकरी अजून कोमट होती. माझा नेम पुरा झाला होता. कितीतरी महिन्यांनी मी दिवसाउजेडी, पोटभर जेवले.

त्याला आता फार वर्षं झाली. नेम मी अजून पाळते. आमच्या गावी बायका येतात, बसतात, हसतात. गडावरचं दुःख, उपास, भीती, सगळं मी देवापुढं ठेवलं आणि विसरले. पण तुळजाबाईची ती भाकरी फार गोड होती. तेवढं मात्र मी तिला अजून माफ केलेलं नाही.